वेग उतरतो तेव्हा: चाळिशी-पन्नाशीनंतर धावत राहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी 29व्या वर्षी धावायला लागले, आता 54 पूर्ण झाली. 10 किलोमीटरची माझी सर्वांत चांगली वेळ 41व्या वर्षातली आहे, 51 मिनिटं 20 सेकंद. त्यानंतर आकडा एकाच दिशेने सरकतोय. धावण्याची ओढ मात्र तेवढीच आहे, आणि ती कशी टिकली हे सोबतच्या मैत्रिणी, मित्र पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

वेग वयामुळे उतरतोय की माझंच काही चुकतंय?

उतार कसा आहे ते बघा. तीन-चार वर्षांत किलोमीटरमागे हळूहळू 10-20 सेकंद वाढले असतील आणि झोप, भूक, उत्साह जागेवर असेल, तर ते बहुधा वय आहे. पण दोन महिन्यांत अचानक 40 सेकंद वाढले, जिना चढताना दम लागायला लागला, नेहमीच्या हलक्या धावेतही पाय ओढत न्यावे लागताहेत, तर वयाच्या नावावर खपवू नका. रक्तातलं लोह कमी झालेलं असू शकतं, थायरॉइडची गडबड असू शकते, अंगात रेंगाळलेला संसर्ग किंवा नवीन सुरू झालेलं औषध असू शकतं. बीटा-ब्लॉकर गटातली (रक्तदाब, हृदयविकारासाठी दिली जाणारी) औषधं हृदयाचे ठोके एका मर्यादेपुढे जाऊच देत नाहीत; ती चालू असताना जुन्या पेसशी, म्हणजे किलोमीटरमागे लागणाऱ्या वेळेशी, तुलना करण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना भेटा, रक्त तपासून घ्या. ‘आता वय झालं’ म्हणत दुखणं अंगावर काढणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हा प्रश्न सगळ्यांत वर ठेवला.

शरीरात नेमकं बदलतं काय?

पहिला बदल हृदयात. त्याचे कमाल ठोके वर्षागणिक कमी होतात. 220 वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. 2001 साली मांडलेलं 208 वजा वयाच्या 0.7 पट हे सूत्र मोठ्या वयात जास्त जवळ जातं. 60व्या वर्षी पहिलं सूत्र 160 सांगतं, दुसरं 166. दोन्ही सरासरीच आहेत, तुमचा स्वतःचा आकडा दहा ठोके इकडे-तिकडे असू शकतो, त्यामुळे घड्याळाने आपोआप ठरवलेल्या झोनवर (ठोक्यांवरून पाडलेल्या हलक्या-जोराच्या टप्प्यांवर) फार विसंबू नका. ठोके कमी म्हणजे स्नायूंना पोचणारा प्राणवायू कमी. ही क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, तिशीनंतर सर्वसाधारण माणसात दर दशकात सुमारे 10 टक्के घटते. जोमाने सराव चालू ठेवणाऱ्यांत घट कमी असते.

दुसरा बदल स्नायूंमध्ये. झटक्यात जोर लावणारे जलद तंतू आधी बारीक होतात, दम धरणारे संथ तंतू जास्त टिकतात. म्हणून पन्नाशीतला धावक दोन तास धावू शकतो, पण शेवटच्या शंभर मीटरला पाय उचलत नाहीत.

तिसरा बदल मला सगळ्यांत रंजक वाटतो, आणि तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मी कधी कधी माझ्यापेक्षा 20 वर्षांनी लहान मुलीबरोबर धावते. एके दिवशी आमची पावलं जुळली. तिचं आणि माझं पाऊल एकाच वेळी पडत होतं, कानाला दोघींचा मिळून एकच आवाज येत होता. तरीही दर पाच-सहा पावलांमागे ती वीतभर पुढे सरकायची. ताल तोच, फक्त माझं पाऊल तोकडं. वाढत्या वयात बहुतेकांचं असंच होतं: मिनिटाला पडणारी पावलं फारशी कमी होत नाहीत, प्रत्येक पावलाची लांबी कमी होते. कारण पोटरी आणि घोटा जमिनीला पूर्वीसारखा रेटा देत नाहीत. पोटऱ्यांबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, ते याचसाठी.

मग मजा कशात उरते?

बरेच जण ‘निसर्ग बघा, पक्षी ऐका’ असं उत्तर देतात. पक्षी मीही ऐकते. पण ज्याला वेगाची चटक होती त्याची तहान तेवढ्याने भागत नाही, हे मला माहीत आहे, कारण माझी भागली नव्हती. 46 ते 49 ही वर्षं माझी वाईट गेली. प्रत्येक धाव संपल्यावर घड्याळाकडे बघायचं आणि तोंड पडायचं.

एका सकाळी मनगटपट्टी चुकून घड्याळावर सरकली होती. 20 मिनिटं जोरात धावायचं ठरलं होतं, तशी धावले. तीन पावलांत श्वास आत, दोन पावलांत बाहेर. बाराव्या मिनिटाला मांड्या जड झाल्या, पंधराव्याला ‘आता सोडून द्यावं’ असं वाटलं, सतराव्याला तो विचार मागे पडला आणि पायांनी पुन्हा लय धरली. हे सगळं मला ओळखीचं होतं. पस्तिशीत अगदी असंच व्हायचं, याच क्रमाने. नंतर आकडा पाहिला तर किलोमीटरमागे 38 सेकंद जास्त होते. पण त्या 20 मिनिटांत माझ्या शरीराला त्या 38 सेकंदांचा पत्ताही नव्हता.

तेव्हापासून मी हे मानते: कष्टाची चव वयाबरोबर बदलत नाही. आपल्या आजच्या कुवतीच्या काठावर धावताना जे जाणवतं ते तिशीतही तेच असतं आणि पन्नाशीतही तेच. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी श्रम मोजायची 6 ते 20 अशी मोजपट्टी बनवली, ती माणसाला किती जड जातंय यावर चालते, आणि तिच्यावरचा 15 हा कुठल्याही वयात 15च असतो. मी डायरीत आता पेसच्या आधी तोच आकडा लिहिते.

म्हणजे घड्याळ काढून ठेवायचं?

अजिबात नाही, मला स्वतःला आकडे आवडतात. एवढंच करा की हलक्या धावेच्या दिवशी पडद्यावर फक्त वेळ दिसेल, पेस दिसणार नाही, अशी सेटिंग ठेवा. जोराच्या दिवशी धाव संपल्यावर पाहा. आणि चार वर्षांपूर्वीची याच दिवसाची धाव दाखवणारी आठवण ॲपमध्ये येत असेल तर ती बंद करा, तिचा कुणालाच उपयोग होत नाही.

जुन्या पीबीचं (पर्सनल बेस्ट, म्हणजे आपली सर्वांत चांगली वेळ) काय करायचं?

तो मिळवलेला आहे, तो कुठे जात नाही. पण रोजच्या धावेला त्याच्या शेजारी उभं करू नका. नवी वही उघडा. मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये 35पासून दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो आणि प्रत्येक गटाचे विक्रम वेगळे. आपणही तसंच करायचं: 50 पूर्ण झाली की 50 ते 54ची पाटी कोरी. पहिली रेस धावलात की तोच तुमचा या गटातला पीबी. मी 50व्या वर्षी हे केलं तेव्हा एका मैत्रिणीला ती मनाची समजूत वाटली होती. आता तिचीही वही आहे.

जोन बेनॉइट सॅम्युएलसन या 1984च्या, म्हणजे ऑलिंपिकमधल्या पहिल्यावहिल्या महिला मॅरेथॉनच्या विजेत्या. 1979 साली त्यांनी बोस्टन मॅरेथॉन 2 तास 35 मिनिटं 15 सेकंदांत जिंकली होती. बरोबर 40 वर्षांनी, 2019 मध्ये, वयाच्या 61व्या वर्षी त्या तिथे परत धावल्या आणि लक्ष्य ठेवलं की जुन्या वेळेच्या 40 मिनिटांच्या आत यायचं. 3 तास 4 मिनिटांत आल्या. जुना आकडा त्यांनी फेकला नाही आणि उराशी कवटाळूनही बसल्या नाहीत. त्याला धरून स्वतःसाठी नवा, कठीण पण होण्यासारखा खेळ मांडला. यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एज-ग्रेडिंग म्हणजे काय?

तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या सर्वोत्तम धावकासाठी धरलेली प्रमाण वेळ, भागिले तुमची वेळ. समजा तुमच्या गटासाठी एखाद्या अंतराची प्रमाण वेळ 30 मिनिटं आहे आणि तुम्ही 45 मिनिटांत आलात, तर तुमचे 66.7 टक्के. पुढच्या वर्षी वेळ तीच राहिली तरी वय वाढल्याने टक्के वाढतात. ढोबळमानाने 60च्या वर चांगले स्थानिक धावक, 80च्या वर राष्ट्रीय दर्जा, 90च्या वर जागतिक. पार्करनच्या (दर आठवड्याला बागांमध्ये होणाऱ्या मोफत 5 किलोमीटर धावेच्या) निकालात हा आकडा नावापुढे छापून येतो. माझं घड्याळ मंदावत असताना हे टक्के दोनदा वर गेले, आणि मला मनापासून आनंद झाला.

पूर्वी माझ्या मागे असणारे आता पुढे जातात. फार लागतं.

लागणारच. ज्या गोष्टीवर आपण वीस वर्षं प्रेम केलं तिच्यात मागे पडणं हे दुःखच आहे, त्याला दुसरं नाव देऊ नका आणि घाईघाईने समजूतही काढू नका. माझं मी दोन-तीन वर्षं सोसलं.

मला उपयोग झाला तो एका गोष्टीचा: मी रेसमध्ये मागून सुरुवात करायला लागले. पूर्वी पुढच्या रांगेत उभी राहायचे आणि तासभर लोक मला ओलांडायचे. आता सावकाश निघते आणि दुसऱ्या अर्ध्यात मी लोकांना ओलांडते. अंतर तेच, वेळ जवळपास तीच, पण घरी येताना मन वेगळं असतं.

शेवटच्या गटात धावायची लाज वाटते.

तिथली माणसं भेटली की लाज जाते. मागच्या गटात बोलणं चालतं, पुढच्या गटात ते कधी नव्हतं. अडचण असते ती व्यवस्थेची. एका हाफ मॅरेथॉनमध्ये (सुमारे 21 किलोमीटर) 17व्या किलोमीटरला मी पोचले तेव्हा टेबलं आवरून झाली होती आणि पाणी संपलं होतं, दिलेल्या मुदतीला अजून 35 मिनिटं बाकी असताना. मी आयोजकांना लिहिलं, उत्तर आलं नाही. तेव्हापासून रेसची मुदत आधी बघते, गेल्या वर्षी मागच्या धावकांना पाणी मिळालं का ते विचारते, आणि अर्ध्या लिटरची बाटली स्वतःजवळ ठेवते. हळू धावणाऱ्यानेही फी पूर्ण भरलेली असते. तक्रार जरूर करा.

आता सगळं हळूच धावायचं ना?

हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि माझ्या मते तो अर्धाच बरोबर आहे. आठवड्यातल्या बहुतेक धावा सहज बोलता येईल इतक्या हलक्या असाव्यात, हे खरं. पण जलद तंतूंना कामच दिलं नाही तर ते आणखी लवकर जातात. म्हणून आठवड्यातून दोनदा हलक्या धावेच्या शेवटी 15-20 सेकंदांचे चार ते सहा झपाटे घ्या. जीव तोडून धावायचं नाही, फक्त पाऊल मोकळं टाकायचं. मधे श्वास पूर्ण खाली येईपर्यंत चालायचं. सपाट रस्त्यावर भीती वाटत असेल तर हलक्या चढावर घ्या, तिथे पायावर आदळ कमी बसते. आणि त्याआधी निदान 15 मिनिटं अंग तापलेलं हवं. तिशीत मी दारातून निघाल्या निघाल्या वेग पकडायचे. आता पहिला किलोमीटर पायांच्या मर्जीने होतो.

दोन कठीण धावांच्या मधे किती दिवस?

मी दोन पूर्ण दिवस ठेवते, कधी तीन. सात दिवसांच्या आठवड्यात ते बसत नाही म्हणून दहा दिवसांचं चक्र केलं: एक जोराची, एक चढाची, एक लांब, बाकी हलक्या किंवा विश्रांती. झोप कमी झाली की त्या दिवसाची जोराची धाव रद्द, त्यावर विचारही करत नाही.

पोटऱ्या आणि टाचा सारख्या का दुखतात?

तरुण धावकाचे गुडघे कुरकुरतात, मध्यमवयीन धावकाची पोटरी आणि टाचेवरचा अकिलीस स्नायुबंध. प्रत्येक पावलाला त्यांच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि वयाबरोबर त्यांची ताकद आणि चिवटपणा दोन्ही उतरतात.

47व्या वर्षी, साध्या हलक्या धावेत, डाव्या पोटरीवर कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. मी खरोखर मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. स्नायू फाटला होता, सहा आठवडे घरी बसले. फिजिओथेरपिस्टने मला एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली. उजवीकडे 18 झाल्या, डावीकडे 7 नंतर पाय थरथरायला लागला. वीस वर्षं धावूनही पोटरीची ही अवस्था होती, कारण धावणं ताकदीची जागा घेत नाही.

त्यानंतर आठवड्यातून तीनदा, पायरीच्या कडेवर एका पायाने टाच उचलते: तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, 12च्या तीन फेऱ्या. अर्ध्या गुडघा सरळ ठेवून, अर्ध्या वाकवून, कारण वाकवल्यावर आतला सोलियस स्नायू जास्त काम करतो. सोपं झालं की पाठीवर वजन घ्यायचं. याच्या जोडीला स्क्वॉट आणि वजन उचलण्याचे दोन-तीन व्यायाम. सात वर्षांत पोटरी पुन्हा फाटलेली नाही. तुम्ही या पानावरची एकच गोष्ट करणार असाल तर हीच करा.

धावून गुडघे झिजतात, हे खरं का?

2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हौशी धावकांपैकी 3.5 टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात होता, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत 10.2 टक्के, आणि उच्च पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत 13.3 टक्के. यावरून धावल्याने संधिवात टळतो असं सिद्ध होत नाही, कारण ज्यांचे गुडघे चांगले तेच धावत राहतात असंही असू शकतं. पण हौशीने धावणाऱ्या माणसाला ‘गुडघे घालवशील’ म्हणून घाबरवायला आधार नाही. गुडघ्याला सूज येत असेल, तो अडकत असेल किंवा जुनी दुखापत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तपासून घ्या.

मधे मधे चाललं तर ती धाव धरायची का?

धरायची. जेफ गॅलोवे 1972च्या ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावलेले धावक, आणि त्यांनीच ठरवून धावा-ठरवून चाला ही पद्धत जगभर रुजवली. दम संपायच्या आधी चालायचं, संपल्यावर नव्हे. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल, असं पहिल्यापासून.

रजोनिवृत्तीच्या काळात धावणं अशक्य वाटतं.

मला 50-51व्या वर्षी वाटलं होतं. रात्री दोनदा घामाने जाग, सकाळी पायात शिसं भरल्यासारखं, आणि कशाचाच भरवसा नाही: सोमवारी छान, मंगळवारी एक किलोमीटर जड. त्या दीड वर्षात मी अंतराचं वेळापत्रक फाडून टाकलं आणि फक्त वेळ ठेवली, 30 मिनिटं, जसं जमेल तसं. ते मला पुरलं. इस्ट्रोजेन उतरतं त्या काही वर्षांत हाडांची घनताही झपाट्याने कमी होते, त्यामुळे वजन उचलण्याचा व्यायाम आणि पुरेसं खाणं याच काळात सर्वांत जास्त लागतं. वजन वाढलं म्हणून खाणं कमी करून धावणं वाढवलं तर हाडाला सूक्ष्म तडा जाण्याचा धोका असतो. त्रास जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, उपचार आहेत, सोसत बसायची गरज नाही.

एवढं हळू धावून शरीराला काही फायदा होतो का?

होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात 1984पासून 50च्या पुढच्या धावकांचा आणि त्यांच्याच वयाच्या इतर लोकांचा दोन दशकं मागोवा घेतला गेला. 19 वर्षांनी धावकांपैकी 15 टक्के लोक वारले होते, दुसऱ्या गटातले 34 टक्के. रोजची कामं जमेनाशी होणंही धावकांमध्ये कित्येक वर्षं पुढे ढकललं गेलं होतं. वयाबरोबर हे लोकही कमी धावायला लागले होते.

धावताना कोणत्या गोष्टीकडे दुर्लक्ष करायचं नाही?

छातीत दाब किंवा दुखणं, जबड्यात-हातात पसरणारी कळ, चक्कर, शुद्ध हरपणं, ठोके अचानक बेताल होणं. तिथेच थांबा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. वर्षानुवर्षं खूप लांब अंतरं धावणाऱ्या पुरुषांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके बेताल होणं) जास्त आढळतं. घड्याळात ठोके विनाकारण उडताना दिसले तर यंत्राची चूक समजून सोडू नका.

पन्नाशीत पहिल्यांदा सुरुवात करते आहे. मलाही फक्त उतारच दिसणार?

उलट, तुम्ही पुढची काही वर्षं वेगवान होत जाल. सराव नव्या शरीराला वयापेक्षा जास्त देतो. भारतात जन्मलेले ब्रिटिश धावक फौजा सिंग यांनी 80 उलटल्यावर धावणं मनावर घेतलं, 2000 साली लंडनला पहिली मॅरेथॉन धावले आणि 2011 मध्ये टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली तेव्हा त्यांचं वय 100 सांगितलं गेलं. जन्मदाखला नसल्याने गिनेसने तो विक्रम नोंदवला नाही.

अव्वल धावकही असेच हळू होतात?

होतात. कॅनडाचे एड व्हिटलॉक 2004 साली, 73व्या वर्षी, मॅरेथॉन 2 तास 54 मिनिटं 48 सेकंदांत धावले. 2016 मध्ये, 85व्या वर्षी, 3 तास 56 मिनिटं 34 सेकंद. म्हणजे 12 वर्षांत एक तास आणि जवळपास दोन मिनिटं वाढली, आणि दोन्ही वेळा त्या वयाचा विक्रम झाला. सराव ते घराजवळच्या दफनभूमीतल्या रस्त्यावर करायचे, संथ गतीने, कधी कधी तीन-तीन तास गोल गोल.

पुढच्या रेसला काय लक्ष्य ठेवू?

वेळेचं हवं तर ठेवा, पण एकटं ठेवू नका. सोबत असं एक ठेवा जे फक्त तुमच्या धावण्यावर अवलंबून आहे: चढावर न थांबणं, दुसरा अर्धा पहिल्यापेक्षा लवकर करणं, ओळखीच्या कुणाला तरी पहिल्यांदा शेवटपर्यंत सोबत करणं. माझं गेली चार वर्षं एकच आहे, शेवटचा किलोमीटर सगळ्यांत वेगाचा. ते जमायला पहिले पाच किलोमीटर हात आखडता ठेवावा लागतो आणि शेवटी जोर उरवावा लागतो, त्यामुळे पूर्ण वेळ मन धावण्यातच राहतं. गेल्या हाफ मॅरेथॉनला पहिला किलोमीटर 6:41 झाला होता. 20वा किलोमीटर संपला तेव्हा पुढे निळ्या टोपीतला एक माणूस होता, मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. शेवटचा 5:58 झाला.